सांधा कुठे आहे? इंग्लंडच्या जुन्या जोडघरांमधून एक आठवडा

सोमवार, हायगेट

आर्चवे स्टेशनातून बाहेर पडलं की हायगेट हिलचा चढ लागतो. हायगेट आज लंडनमध्ये असलं, तरी वर पोचल्यावर ते अजूनही टेकडीवरचं गाव वाटतं. मला बघायची होती तिथल्या ‘द ग्रोव्ह’ या रस्त्यावरची क्रमांक १ ते ६ ही घरं. मोठ्या झाडांच्या रांगेमागे, रस्त्यापासून मागे सरून, तीन जोड्यांमध्ये ती उभी आहेत. १६८८ च्या सुमाराला बांधलेली. लंडन परिसरात टिकून राहिलेल्या सगळ्यात जुन्या जोडघरांमध्ये यांची गणना होते, म्हणून या आठवड्याची सुरुवात इथूनच करायची असं मी निघण्याआधीच ठरवलं होतं.

जोडघर म्हणजे एका सामाईक भिंतीला दोन्ही अंगांनी टेकलेली दोन घरं. इंग्लंडमध्ये सेमी-डिटॅच्ड, बोलताना नुसतं ‘सेमी’. खेड्यांत मजुरांसाठी जोडीने झोपड्या बांधायची रीत आधीपासून होती, कारण उघडंच आहे: दोन बाहेरच्या भिंतींचं काम मधली एकच भिंत करते. शहरात मात्र घरांची सलग रांग, म्हणजे टेरेस, हाच नियम होता. मग पैसेवाल्या माणसासाठी जोडीचं घर कुणाला सुचलं?

इथे ते विल्यम ब्लेक नावाच्या व्यापाऱ्याला सुचलं. (कवी ब्लेक वेगळा, त्याचा जन्म १७५७ चा.) या ब्लेकला गरीब मुलांसाठी धर्मादाय शाळा चालवायची होती आणि घरांच्या उत्पन्नातून तिचा खर्च निघेल असा त्याचा हिशेब होता. शाळा काही फार काळ टिकली नाही. घरं टिकली. क्रमांक ३ मध्ये कवी कोलरिज १८२३ पासून १८३४ मध्ये वारेपर्यंत डॉक्टर गिलमन यांच्या कुटुंबात राहिला.

रस्त्यावरून बघताना एक गोष्ट लक्षात आली आणि आठवडाभर तिने माझा पिच्छा सोडला नाही. रांगेतल्या घराला पुढची आणि मागची अशी दोनच तोंडं असतात. जोडघराला तिसरं तोंड मिळतं. त्या बाजूने जिन्यावर उजेड येतो, घराला वळसा घालून मागच्या बागेत जाता येतं, कोळसा आणि घोड्याची लीद बैठकीच्या खोलीतून न्यावी लागत नाही. स्वतंत्र बंगल्याचे बरेचसे फायदे मिळतात आणि खर्च मात्र आटोक्यात राहतो. अडचण उरते एकच: मधला सांधा. तो दाखवायचा की लपवायचा? पुढच्या दीडशे-दोनशे वर्षांत इंग्लंडच्या वास्तुकारांनी या एका प्रश्नाची किती उत्तरं शोधली, ते बघायला मी निघाले होते.

उतरताना क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यूवरून आले. तिथलं ६५ क्रमांकाचं घर म्हणजे श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ मध्ये सुरू केलेलं इंडिया हाउस. सावरकर इथे राहत होते, त्यांच्या नावाची पाटी भिंतीवर आहे. आत माणसं राहतात, त्यामुळे बाहेरूनच पाहून निघाले.

मंगळवार, ब्लॅकहीथ

लंडन ब्रिजवरून गाडी पकडली. ब्लॅकहीथचं मैदान इतकं मोकळं आणि सपाट आहे की त्याच्या कडेची प्रत्येक इमारत लांबून दिसते. दक्षिणपूर्वेच्या कोपऱ्यात ‘द पॅरॅगॉन’ आहे, आणि मी आजवर इंग्लंडमध्ये पाहिलेल्या घरांमध्ये याला पहिलं स्थान देईन.

मायकेल सर्ल्स हा याचा वास्तुकार. १७९० च्या दशकाच्या मध्याला काम सुरू झालं आणि पुरं व्हायला दहाएक वर्षं गेली. फ्रान्सशी १७९३ मध्ये युद्ध पेटलं होतं, पैसा आणि लाकूड दोन्ही महाग झालं होतं. बेत साधा आहे. अर्धचंद्राकार वळणावर सात ठोकळे, प्रत्येक ठोकळ्यात दोन घरं, आणि दोन ठोकळ्यांमध्ये एकमजली खांबांची ओळ. बस्स. बाथ शहरातल्या रॉयल क्रेसेंटसारखी अखंड वळणारी भिंत इथे नाही. ठोकळा, मोकळी हवा, खांब, पुन्हा ठोकळा. खांबांच्या डोक्यावरून मागच्या झाडांचे शेंडे आणि आकाश दिसतं, त्यामुळे एवढ्या मोठ्या बांधकामाचा भार वाटत नाही. लांबून बघणाऱ्याला एकच राजवाडा दिसतो. जवळ गेलं की चौदा कुटुंबांची घरं.

सर्ल्सने इथे सांध्याचा प्रश्नच उलटा केला. ज्या दोन घरांमध्ये सामाईक भिंत आहे, ती त्याने बेमालूम एक केली. आणि जिथे घरं एकमेकांना लागत नाहीत, तिथे खांबांनी हात जोडून दिले. मी गवतावर बसून बराच वेळ हेच बघत होते.

मग उठून विटा पाहिल्या. लंडनची ‘स्टॉक’ वीट मुळात पिवळट असते, कारण मातीत खडू मिसळलेला असतो, आणि भाजताना नीट पेटावी म्हणून कोळशाची राखही. दोनशे वर्षांच्या धुराने ती तपकिरी होते. रचना फ्लेमिश बाँडची: एक वीट लांबीने, तिच्या शेजारची डोक्याने, पुन्हा लांबीने. खिडक्यांवरच्या सपाट कमानींमध्ये मात्र घासून पाचरीसारख्या केलेल्या विटा बसवल्या आहेत, आणि त्यांच्यामधली चुन्याची रेघ इतकी बारीक की नख शिरणार नाही. हातांनी घासलेल्या विटा आहेत या. एकेका कमानीला गवंड्याचे किती तास गेले असतील, या विचाराने मी पुन्हा पुन्हा मान वर करत राहिले.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी पॅरॅगॉनचं मोठं नुकसान झालं. युद्धानंतर चार्ल्स बर्नार्ड ब्राउन या वास्तुकाराने ते उभं केलं, आत फ्लॅट पाडले, बाहेरून सर्ल्सची रेघ जशीच्या तशी ठेवली. सर्ल्सनेच न्यू केंट रोडवर आधी बांधलेलं याच नावाचं दुसरं अर्धवर्तुळ १८९८ मध्ये पाडलं गेलं. तिथे वाचवणारं कुणी भेटलं नाही.

बुधवार, लॉइड बेकर इस्टेट

किंग्ज क्रॉसपासून चालत दहा-पंधरा मिनिटं. किंग्ज क्रॉस रोडची गडबड मागे टाकून व्हॉर्टन स्ट्रीटच्या चढाला लागलं की आवाज एकदम उतरतो. टेकडीचा हा उतार लॉइड बेकर घराण्याच्या मालकीचा होता. १८२० आणि ३० च्या दशकांत त्यांचे सर्व्हेयर जॉन बूथ आणि त्याचा मुलगा विल्यम जोसेफ बूथ यांनी व्हॉर्टन स्ट्रीट, लॉइड बेकर स्ट्रीट आणि माथ्यावरचा लॉइड स्क्वेअर वसवला.

घरं लहान आहेत. पॅरॅगॉननंतर तर फारच लहान. पण प्रत्येक जोडीच्या डोक्यावर ग्रीक देवळाच्या माथ्यावर असतो तसा रुंद, बसका त्रिकोण आहे, पेडिमेंट. हा एकच त्रिकोण दोन्ही घरांवर पसरलेला, आणि त्याचं टोक बरोबर सामाईक भिंतीवर येतं. उतारावरून खाली पाहिलं की एकामागून एक त्रिकोण पायऱ्यांसारखे उतरत जातात. स्तंभ नाहीत, नक्षी नाही. वीट आणि कोन यांवर सगळं उभं आहे.

दारं समोर नाहीत. दोन जोड्यांच्या मधल्या, जरा मागे सरलेल्या, बुटक्या भागात दारं आहेत. म्हणजे गंमत अशी होते: ज्याच्याशी तुमची भिंत आणि छपराचा त्रिकोण सामाईक, तो शेजारी दाराशी भेटत नाही. दाराशी भेटतो तो पलीकडच्या जोडीतला. कागदोपत्री बघितलं तर हे सगळे दुवे मिळून सलग रांगच झाली, पण डोळ्यांना जोड्याच दिसतात, कारण सांधे मागे ढकललेले आहेत. थोड्या पैशांत, थोड्या जागेत, निव्वळ हातभर मागे-पुढे करून साधलेला हा परिणाम मला फार मोठा वाटतो. या इस्टेटीबद्दल भारतात शिकणाऱ्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही, ते सांगायला हवं.

लॉइड स्क्वेअरच्या कोपऱ्यावर एक सुतार खिडकी दुरुस्त करत होता. पदपथावर सुतारी कामाच्या दोन लाकडी घोड्यांवर तावदानाची चौकट आडवी ठेवलेली. मी रेंगाळलेली पाहून त्याने आपणहून बोलावलं. या सरकत्या खिडक्यांना बाहेरून कडी-खटका काही दिसत नाही, तरी एवढी जड चौकट एका बोटाने वर जाते आणि हवी तिथे थांबते. कशी? त्याने बाजूच्या लाकडी पेटीतली वीतभर फळी काढून दाखवली. आत अंधारात ओतीव लोखंडाचा लांबट दंडगोल लटकत होता, सुती दोरीला बांधलेला. दोरी वरच्या पितळी कप्पीवरून येऊन चौकटीच्या कडेला खिळलेली. दोन्ही बाजूंची वजनं मिळून चौकटीच्या भाराइतकी. दोरी झिजली होती, तेवढी बदलायची. लाकूड जुनं पाइन, पण रंगाखाली अजून ठणठणीत होतं, फक्त खालच्या पट्टीचा एक कोपरा कुजलेला कापून त्याने नवा तुकडा सांधला होता. घराला ऐतिहासिक वारसा म्हणून संरक्षण आहे, त्यामुळे खिडकी काढून प्लास्टिकची बसवायची सोय नाही. आणि दुहेरी काच बसवायची परवानगी मिळालीच तर काच जड झाली म्हणून वजनंही बदलावी लागतात, असं तो म्हणाला.

ही पेटी बाहेरून दिसत नाही, याला कायदा कारण आहे. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये लाकडाचा धसका होता. १७०९ च्या कायद्याने खिडकीची चौकट भिंतीच्या दर्शनी पातळीपासून चार इंच आत घ्यायला लावली. १७७४ च्या कायद्याने पेटीसुद्धा विटेच्या मागे लपवायला लावली. आग पसरू नये म्हणून केलेल्या या नियमांनी इथल्या खिडक्यांना ती खोल सावली दिली. त्याच १७७४ च्या कायद्याने घरांचे दर्जे ठरवून सामाईक भिंतीची जाडीही नेमून दिली.

गुरुवार, बेजवॉटर आणि रीजंट्स पार्क

सकाळी पाऊस. बेजवॉटरला पोर्चेस्टर टेरेसवर क्रमांक ३ आणि ५ बघायचं होतं, छत्री घेऊन गेले.

जॉन क्लॉडियस लाउडन हा स्कॉटिश बागतज्ज्ञ. १८२३ ते २५ च्या दरम्यान त्याने हे जोडघर स्वतः आखलं आणि एका बाजूला राहायला आला. १८१६ मध्ये त्याने वाकवता येणारी लोखंडी पट्टी काढली होती, काचघरांच्या गोल छपरांसाठी. तिचाच उपयोग त्याने इथे केला. घराच्या बरोबर मध्यावर, जिथे सांधा यायचा, तिथे काचेचा घुमट असलेलं अर्धगोल झाडघर. दारं दोन टोकांना, बाजूला. रस्त्यावरून येणारा माणूस मध्याकडे बघतो आणि त्याला वाटतं, हा एकाच सद्गृहस्थाचा ऐसपैस बंगला.

लपवण्याचा हा प्रकार मला पॅरॅगॉनइतका भावला नाही. तिथे चौदा घरांनी मिळून एक मोठी गोष्ट केली आहे. इथे दोघांनी मिळून एकाचा आव आणला आहे. पण लाउडनचा परिणाम मोठा झाला हे मान्य करायला हवं. ज्यांना स्वतंत्र बंगला परवडत नाही अशा मध्यमवर्गाला बागेसह चांगलं घर कसं मिळेल, यावर तो आयुष्यभर लिहीत राहिला. १८४३ मध्ये तो याच घरात वारला. त्याची बायको जेन हिने स्त्रियांसाठी बागकामावर पुस्तकं लिहिली. दोघांच्या नावाची पाटी भिंतीवर आहे.

दुपारी पार्क व्हिलेज वेस्ट. जॉन नॅशने १८२० च्या दशकात आखलेली ही वळणदार गल्ली, पुढे जेम्स पेनेथॉर्नने पुरी केली. पांढऱ्या गिलाव्याची, एकासारखं दुसरं नसलेली घरं. छान आहेत, पण माझं मन कालच्या विटांतच अडकलेलं. शेजारच्या पार्क व्हिलेज ईस्टची एक बाजू युस्टनच्या रेल्वेमार्गाच्या रुंदीकरणात गेली. जवळच्या सेंट जॉन्स वुडमध्येही असंच. तिथल्या आयर इस्टेटीच्या १७९४ च्या नकाशात जोडघरांच्या रांगा आखल्या होत्या, आख्खी वस्तीच जोडघरांची करायची ही कल्पना लंडनमध्ये तिथे प्रथम मांडली गेली. त्यातली अगदी सुरुवातीची काही घरं मेरिलबोन स्टेशनच्या मार्गाखाली गेली.

शुक्रवार, चॉक फार्म

चॉक फार्म स्टेशनच्या पश्चिमेचा हा सगळा भाग ईटन कॉलेजच्या मालकीचा होता, आणि रस्त्यांची नावं वाचली तरी ते कळतं: ईटन व्हिलाज, प्रोव्होस्ट रोड, फेलोज रोड, किंग हेन्रीज रोड. किंग हेन्री म्हणजे सहावा हेन्री, ज्याने १४४० मध्ये ईटनची शाळा स्थापली.

प्रोव्होस्ट रोडवरची जोडघरं १८४० च्या दशकातली, इस्टेटीचा सर्व्हेयर जॉन शॉ याची. पसरट छपरं, भिंतीपासून पुष्कळ पुढे आलेल्या वळचणी, इटलीतल्या शेतघरांची आठवण करून देणारा थाट. भिंतींवर गिलावा. आणि गिलाव्यामुळे इथे सांधा उघडा पडतो. एका जोडीत डावीकडच्यांनी नुकताच स्वच्छ पांढरा रंग दिला होता, उजवीकडचा जुना, सायीसारखा पिवळट. दोन रंगांची सीमारेषा छपरापासून जमिनीपर्यंत ओळंब्यासारखी सरळ. वास्तुकाराने एक केलेलं घर रंगाच्या डब्याने पुन्हा दोन केलं. विटेच्या घरांत हा प्रश्न येत नाही. जुन्या इस्टेटी भाडेपट्ट्यातच रंग कधी आणि कोणता द्यायचा हे घालून देत, ते याचसाठी.

तिथून पाच-सात मिनिटांवर १०, किंग हेन्रीज रोड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, इथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये ते घर विकत घेतलं. निवासी रस्त्यावर संग्रहालय नको म्हणून स्थानिक पातळीवर हरकती आल्या होत्या. २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या पातळीवर परवानगी मिळाली. मी गेले तेव्हा नागपूरकडचं एक कुटुंब आलं होतं. आजींनी उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. नातू त्यांना इंग्रजी मजकूर वाचून मराठीत सांगत होता, आणि आजी मध्येमध्ये त्याला थांबवून त्याच्यापेक्षा जास्त सांगत होत्या. मी त्यांच्या मागोमाग फिरले. घराकडे इमारत म्हणून बघायला मला त्या दिवशी वेळ मिळाला नाही, आणि हवाही नव्हता.

शनिवार, ऑक्सफर्ड

पॅडिंग्टनहून ऑक्सफर्ड तासाभराचं. कॉलेजं सोडून थेट उत्तरेला बॅनबरी रोडने चालत निघाले. पार्क टाउन ही वसाहत सॅम्युएल सेकम याने १८५३ ते ५५ मध्ये उभारली. जागा आधी वर्कहाउससाठी, म्हणजे कामाच्या बदल्यात गरिबांना आसरा देणाऱ्या घरासाठी, घेतलेली, तो बेत बारगळला. बॅनबरी रोडच्या बाजूला जोडीची आणि सुटी घरं, आत दगडी अर्धचंद्र. लंडनमध्ये जे पाहिलं त्याचाच शेवटचा, सौम्य अध्याय.

त्याच्या पलीकडे मात्र जग बदलतं. सेंट जॉन्स कॉलेजने १८६० पासून आपली शेतं भाडेपट्ट्याने बांधकामाला दिली आणि विल्यम विल्किन्सन व त्याच्यासारख्या वास्तुकारांनी तिथे गॉथिक घरं उभी केली: टोकदार पाखे, टोकेरी कमानी, उंच धुरांडी. समतोलाचा हट्ट सुटला. जोडीतल्या एका घराला पाखा पुढे, दुसऱ्याला मागे, एकाचं दार समोर, दुसऱ्याचं बाजूला. आता दोन घरांनी एक दिसायची गरज उरली नाही. प्रत्येकाला आपलं वेगळेपण दाखवायचं होतं, आणि सांधा त्या गर्दीत आपोआप हरवला. प्राध्यापकांना लग्नाची मुभा मिळाली म्हणून ही वस्ती झाली, असं ऑक्सफर्डमध्ये सर्रास सांगतात. पण ती मुभा सरसकट मिळाली १८७७ नंतरच्या सुधारणांमध्ये. त्याआधीच इथे घरं भरू लागली होती, आणि राहणारे पुष्कळसे गावातले दुकानदार, व्यापारी, पाद्री आणि विधवा होत्या.

पोलस्टेड रोडवर क्रमांक २, लाल विटांच्या जोडीतलं अर्धं. टी. ई. लॉरेन्सचं, लॉरेन्स ऑफ अरेबियाचं, कुटुंब इथे १८९६ पासून १९२१ पर्यंत राहिलं. पाच मुलगे. घरात त्याला शांतता मिळेना, म्हणून मागच्या बागेत त्याच्यासाठी छोटी वेगळी बंगली बांधून दिली होती. बागेपर्यंत घराच्या कडेने वाट आहे.

रविवार, हॅरो

ज्या घरात मी आठवडाभर उतरले होते, ते माझ्या मावसबहिणीचं, मंदाताईचं, १९३० च्या दशकातलं सेमी. मेट्रोपॉलिटन रेल्वे हॅरोला १८८० मध्ये आली, आणि १९१५ पासून रेल्वेनेच ‘मेट्रो-लँड’ या नावाने इथल्या घरांची जाहिरात चालवली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ४० लाख घरं झाली, त्यात अशी सेमी अगणित. पुढे गोलसर बाहेर आलेली खिडकी, वर टिंबर पट्ट्यांचा खोटा पाखा, दारं दोन टोकांना, जिने बाहेरच्या भिंतींना लागून, धुरांडं मधोमध एकच. वास्तुकारांची पुस्तकं या घरांकडे नाक मुरडतात. मला ते पटत नाही. लाउडनने जे गणित मांडलं तेच इथे कारकुनाला आणि बसचालकाला परवडेल असं सुटलं आहे.

ताई आणि भाऊजींना माळ्यावर खोली काढायची आहे. त्यासाठी लोखंडी तुळईचं एक टोक सामाईक भिंतीत बसवावं लागेल, आणि १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे दोन महिने आधी शेजाऱ्यांना लेखी नोटीस द्यावी लागते. त्यांनी १४ दिवसांत होकार कळवला नाही, तर वाद आहे असं धरून सर्व्हेयर नेमावे लागतात आणि त्यांचा खर्च बहुतेक वेळा काम काढणाऱ्याच्या माथी येतो. शेजारी गुजराती, चाळीस वर्षांपासून तिथे. संध्याकाळी ताई नकाशा घेऊन त्यांच्याकडे गेली, मीही गेले. बेनने चष्मा लावून नकाशा नीट पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला: तुळई धुरांड्याच्या कुठल्या बाजूला येणार? त्यांच्या बाजूच्या नळीत अजून शेगडी जोडलेली आहे. भाऊजींनी टेप आणली. सगळे मिळून माळ्यावर चढलो, आधी त्यांच्या, मग आमच्या, आणि भिंतीच्या दोन्ही अंगांनी धुरांड्यापासूनचं अंतर मोजून नकाशावर लिहिलं. तुळई नळीच्या अलीकडे येत होती. बेनने कागद ठेवून घेतला, मुलाला दाखवून मंगळवारी सही करते म्हणाल्या, आणि आम्हाला ढोकळा खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.